मॅडमच्या सहलीसाठी तोडलेलं दूध

मंगळवार, दुपार

रात्रभर झोप न्हाई. पोरीचं दूध तोडायचं म्हणून सासूनं माझ्या छातीला कोरफड चोळली. मी धुतली, तर परत चोळली. कडू लागतंय म्हणून तान्ही नुसती रडतीया.

का, तर मी कामाला जाते त्या बंगल्यावरच्या मॅडम परदेशात फिरायला चालल्यात. आधी समुद्राकाठचं गजबजलेलं शहर, मग डोंगरावरचं लय जुनं देऊळ. त्यांचं पोर सांभाळायला मी. महिनाभर!

नवरा मला न इचारताच व्हय म्हणून आला. "फुकटात विमानात बसशील, रडतीस काय?" मंग तूच जा की! त्यांच्या पोराला मी, आन् माझ्या पोरीला कोरफड?

तितं मी हरवले तर कुणाला सांगू? उद्या निघायचंय. मोबाईल नवऱ्यानं काढून घेतलाय. कुणी हे वाचलं तर कान्हे गावी माझ्या भावाला फोन करा, नंबर पानामागं लिवलाय. म्हणावं, आजच ये, दोघींना घेऊन जा.