ताऱ्याचा घेर आणि लाँड्रीचं यंत्र

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींनी मीठ खरंच कमी केलं, की तू वळलीस की वरून घेतात? आम्ही इकडे ठीक. मी जरा जास्तच ठीक, आणि ते तुझ्यामुळे. आभार मानायला हे पत्र लिहितो आहे. त्यासाठी एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल, ती पुरती वाचून मगच हस.

माझं काम काय, हे तू दर वेळी विचारतेस आणि मी असं काही सांगतो की तू उठून स्वयंपाकघरात जातेस. आज थोडक्यात सांगतो. तारा इतका लांब असतो की मोठ्या दुर्बिणीतही ठिपकाच दिसतो, त्याचा घेर मोजता येत नाही. म्हणून आम्ही दूर दूर ठेवलेल्या दोन दुर्बिणींतून एकाच ताऱ्याचा प्रकाश घेतो, नळ्यांतून तळघरातल्या टेबलावर आणतो आणि एकत्र करतो. दोन्ही वाटा अगदी सारख्या लांबीच्या असतील तर पडद्यावर उजेडाचे आणि अंधाराचे पट्टे उमटतात. दुर्बिणी एकमेकींपासून लांब नेत गेलं की पट्टे पुसट होतात, आणि किती अंतरावर पुसले यावरून ताऱ्याचा घेर निघतो. वाटेत केसाच्या शंभराव्या भागाएवढा फरक पडला तरी पट्टे थरथरतात. दिवसा तारे नसतात, तेव्हा साधा दिवा लावून पट्ट्यांची तपासणी होते. ती माझ्याकडे. रोज दुपारी तीन ते पाच, टेबलाशी स्टुलावर बसून.

तर गेले तीन महिने बरोबर तीन ते पाच पट्टे थरथरत होते. एरवी नोंद आपोआप होते, तेव्हा शांत. रविवारी खाली कुणीच नसतं, तेव्हाही शांत. भिंतीपलीकडे संस्थेच्याच खोलीत एक लाँड्री आहे. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात. त्यांचं कपडे पिळायचं यंत्र दुपारी चालतं आणि रविवारी बंद असतं. याहून सरळ पुरावा कुठला? (डायरीची माझी खोड तुला ठाऊक आहे. दोन वह्या भरून पुरावा होता.) मी विनंती केली आणि वहिनींनी तीन ते पाच यंत्र बंद ठेवलं. पाच आठवडे. मुलांचे गणवेश वेळेवर मिळेनात, गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली. पट्टे मात्र थरथरतच राहिले. शहाण्या माणसाने इथे स्वतःचं अनुमान तपासलं असतं. मी लिहिलं, 'यंत्र लपूनछपून चालू असावं.' ते वाक्य अहवालात गेलं आणि साहेबांनी लाँड्रीला महिनाअखेर खोली सोडायची नोटीस दिली. त्या खोलीवर चार बायकांचं पोट आहे, हे मला माहीत होतं. (ते मी डायरीत लिहिलं नव्हतं. का नव्हतं, याचा विचार अजून चालू आहे.)

मंगळवारी वहिनी नोटीस घेऊन तळघरात उतरल्या. भांडल्या नाहीत. "दाखवा तरी काय हलतंय ते," एवढंच म्हणाल्या. मी नेहमीसारखा स्टुलावर बसलो आणि पडद्याकडे बोट केलं. त्यांनी पडदा पाहिला, मग टेबलाखाली पाहिलं.

"भाऊ, पाय थांबवा बघू आधी."

माझा उजवा पाय टेबलाच्या आडव्या दांडीवर होता आणि शिवणयंत्रासारखा चालला होता. थांबवला. पट्टे पट्टीने आखल्यासारखे उभे राहिले. हलवला, थरथरले. पुन्हा थांबवला.

"कमाल झाली! म्हणजे तीन महिने तुम्ही स्वतःचाच पाय मोजताय?"

ताई, जेवताना, अभ्यासाला बसल्यावर, अगदी मुलगी पाहायला गेलो तिथेसुद्धा तू तीस वर्षं मला दटावत आलीस की पाय हलवू नकोस. मी म्हणायचो, कुणाचं काय बिघडतं? आता आकडा हातात आहे: केसाचा विसावा भाग आणि चार बायकांची खोली. पण वहिनींचा सूर हुबेहूब तुझा होता, म्हणून मी हुज्जत न घालता पाय थांबवला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आधी आठवडाभर त्या माणसाचीच नोंद ठेवली असती. तुझं ओरडणं असं भलत्या घरी कामी आलं. तुझे उपकार मोठे आहेत.

मग लगेच वर जाऊन साहेबांना सांगितलं. (लगेच म्हणजे चाळीस मिनिटांनी. जिन्यात दोनदा बसलो.) त्यांनी नोटीस फाडली आणि अहवालात कारण काय लिहायचं ते विचारलं. 'निरीक्षकाचा उजवा पाय' असं मी माझ्या अक्षरात लिहून दिलं. वहिनींची माफी मागितली. त्यांनी ती इतक्या सहज दिली की मलाच रडू आलं.

तुझा, उशिरा का होईना ऐकणारा,
धाकटा

ता. क. – साचलेलं काम उरकायला वहिनी आता रविवारीही लाँड्री उघडणार आहेत. कपड्यांना चिठ्ठ्या लावायला माणूस हवा होता, मी कबूल केलं. त्यांचे पाच आठवडे गेले, तेव्हा माझे पाच रविवार. त्यामुळे येत्या रविवारी तुझ्या घरबदलाला, म्हणजे ते लोखंडी कपाट तीन जिने उतरवायला, मला येता येणार नाही. हमाल सांगावेत. भाऊजींना नीट समजावून सांग.

ता. क. २ – पाकीट चिकटवलेलं फोडून पुन्हा लिहितो आहे. लाँड्रीचे रविवार पुढच्या महिन्यापासून आहेत. येता रविवार मोकळा आहे. एका महिन्यात दोन खोटे अहवाल नकोत. आठला येतो, कपाट रिकामं करून ठेव.