विहिरीचं कुलूप

हिंगणवाडी, ता. वाळवे
१९ मार्च १९७३

तीर्थरूप दादा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाचगणीच्या हवेनं तुमचा दमा बसला असेल. वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे आपल्या मळ्यातली ऊसतोड संपत आली. दुष्काळामुळं कवठे महांकाळकडून आलेली माणसं अजून ओढ्याकाठच्या खोपटांतच आहेत. माझा फुकटचा दवाखानाही तिथंच, बाभळीखाली. तुम्ही पाहुण्यांना तो मुद्दाम दाखवायला आणता. त्या कौतुकाची आता मला किळस येते.

तळावर सगळ्यांना जुलाब लागलेत. इस्लामपूरहून सलाईन आणून लावते, आणि बरी झालेली माणसं पुन्हा ओढ्यातलं हिरवं पाणी पितात. मला वाटायचं, ही ऐकतच नाहीत. परवा हरणाबाई तिच्या लहान लेकीला घेऊन आली. पोरीचे डोळे पार खोल गेलेले. मी खेकसले, "विहिरीचं पाणी उकळून द्या म्हटलं होतं ना?"

"विहिरीला कुलूप हाय, बाई. आमच्या जातीचा हात लागतो म्हणं. बैलांच्या हौदातलं उरलेलं मागितलं, त्येबी न्हाई म्हणत्यात."

आकाराम राखणदाराला विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "मालक जाताना सांगून गेल्यात. मी काय करू?"

दुपारी पोर गेली. मी तिच्या हाताची शीर शोधत होते, आणि पलीकडं आपले बैल हौदात तोंड घालून पाणी पीत होते.

जे लिहायचं टाळत होते, ते आता लिहिते. कुलूप मी फोडलं, दगडानं. आकारामचा दोष नाही, त्याला कामावरून काढू नका. विहिरीचं फाटक उघडलं तरी बायका भिऊन लांबच उभ्या राहिल्या. शेवटी हरणाबाई उठली. गेलेल्या लेकीला शेवटची अंघोळ घालायला तिनं पहिली घागर भरली.

मग मी पोलीस ठाण्यात गेले. अस्पृश्यता पाळल्याची तक्रार दिली आणि तुमचं नाव सांगितलं. फौजदारांनी चहा मागवला. म्हणाले, "मोठं घर आहे, घरातल्या घरात मिटवा की." चहा तसाच ठेवून तक्रार लिहून होईपर्यंत बसून राहिले. तुम्हाला जबाबाला बोलावतील. माझा जबाब मी फिरवणार नाही.

बंगल्यावरून माझं सामान हलवलं आहे. परत आलात की सकाळच्या वेळी विहिरीवर या. बायका पाणी भरत असतील. तुम्हाला मला जे बोलायचं असेल, ते त्यांच्यासमोर बोला.

तुमची धाकटी,
लीला