सहा बोटांची जाते, पाच बोटांची निघते

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज पवनारले आली. कारंज्याहून एसटीनं वर्ध्यापावतर अन् तिथून आदेशच्या गाडीवर मांगं बसून. आदेश म्हंजे माहा पोरगा, वर्ध्याले दफ्तरात हाये. वाऱ्यानं पदर असा उडे का तो म्हने, आई, मी तुले आनून राह्यलो का पतंग आनून राह्यलो?

घर नवं हाये, धामच्या पुलाजवळ. दोन खोल्या अन् मांगं टिनाचं शेड. शेजारीन कौशल्याबाईनं आल्याआल्या वांगे देल्ले, वरून म्हने, शिळे नाई बरं, सकाळीच तोडले. म्हटलं, बाई, मीच शिळी हावो, वांग्याचं काय घेऊन बसली!

हे वही नातीनं देल्ली. आचल तिचं नाव, सहा वर्साची, पहिलीत. तिचा हुकूम हाये का आजी तू रोज लिही, मी तपासतो. मी चौथी शिकली, तेबी अर्धी, कारन गाईमांगं जा लागे. चुका दिसल्या तं आचलच्या मॅडमले बोल लावा.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

माही सून वर्षाली चिनी मातीच्या बाहुल्या बनवते. आमच्याइकडं माती म्हंजे काळी. हिची दुधावानी पांढरी. पानी घालून पातळ करते, साच्यात वतते, घडीभरानं जास्तीची काढून टाकते, अन् साचा खोलला का आतून पोरगी निघते! माचिसच्या काडीएवढे हात, त्याले पाच बोटं, अन् बोटाले नखंबी. एकीले चतुराचे पंख. एकीच्या कानाच्या जागी पिंपळपान. एक तं कमरंखाली मासोळीच. म्हटलं, वर्षाली, इले लुगडं कसं नेसवाचं वं? ते इतकी हासली का हातातला ब्रश पडला.

शेडात इजेची भट्टी हाये, कोठीवानी. वर्षाली सांगे का हे माती आगी खाते, एक नाई, तीन. पहिली हलकी, दुसरी कडक, तिसरी रंगाची, अन् सोनं चढवाचं तं वरून चौथी. कडक आगीत उंचीनं आकसते. सहा बोटांची जाते, पाच बोटांची निघते. कुरडई तेलात गेली का फुगते, हे आगीत गेली का आकसते. उलटीच जात बापा!

१७ नोव्हेंबर, रविवार

आज लय मज्या आली. आचलले ते पंखवाली भल्ली आवडली. कच्चीच हाये अजून, भट्टी पाह्यली नाई. आचल म्हने, आजी, इचं बारसं करू. मले तेवढंच पाह्यजे! मिठाईच्या डब्ब्याचा पाळना केला, दोऱ्यानं टांगला, चन्याच्या घुगऱ्या केल्या.

आचलच्या खऱ्या बारशाले मी नोती. तवा आमच्या घरच्याईचं, म्हंजे आदेशच्या बापाचं, दुखनं चालू होतं, त्याइले सोडून कशी येन? अन् पोट्टीले आत्या नाई, तं तिच्या कानात कुर्र शेजारनीनं केलं. ते माह्या मनात राहून गेलतं. म्हनून आज हौस फेडली. बाहुलीच्या कानाशी तोंड नेलं, तिळाएवढा कान तिचा, अन् आचलले पुसलं, नाव काय ठेवाचं? म्हने, आचल.

घरातल्या जित्या मानसाचं नाव दुसऱ्या कोनाले ठेवू नाई, हे मले ठाऊक होतं. पन पोट्टीचं मन कोन मोडन? अन् बाहुलीच ते. म्हटलं, कुर्र… आचल. मंग रीतीपरमानं आचलनं माह्या पाठीत बुक्के हानले. दोघीबी हासून हासून दमलो.

२० नोव्हेंबर, बुधवार

वर्षालीनं पहिली आग लावली. आचलले शाळंतून घरी धाडलं, आंग गरम होतं. भट्टी थंडी झाली तसा तापबी उतरला. मी मीठ-मोहऱ्यानं नजर काढली. या वयात पोरं तापतातच. आदेश तं लहानपनी असा तापे का त्याच्यावर भाकर शेकली असती.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल कडक आग होती. दिवसभर पोट्टी फनफनली. डोळे उघडे, पन वळख नाई. संध्याकाळी वर्षालीनं भट्टीचं बटन बंद केलं अन् हिनं पानी मांगतलं.

आज बाहुल्या काढल्या. पाच बोटांच्या निघाल्या. चकचकीत, टिचकी मारली तं घंटीवानी वाजे. वर्षाली खुश. आचलनं शाळेचा फ्राक घातला तं तो पोटऱ्याइपावतर आला. वर्षाली म्हने, तापानं वाळली. मीबी म्हटलं, वाळली असन.

पन फ्राक ढिला नोता झाला. लांब झालता.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीत आदेशनं दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं आचलची उंची मांडलती. आज तिले तिथं उभं केलं. रेघ डोक्याच्या वर चार बोटं. आदेश म्हने, तवा बूट घालून होती ते. वर्ध्याच्या डाक्टरनं टॉनिक देल्लं. आचल म्हने, आजी, शाळेतला बाक काऊन मोठा झाला वं?

मी हासली. हासाचं म्हनून हासली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

समजलं मले. माह्याच तोंडानं झालं, त्या कुर्रनं.

वर्षालीले सारं सांगतलं. तिनं मले चहा करून देल्ला. आदेश मातर चिडला, म्हने, आई, पोट्टीसमोर असं भलतंसलतं बोलशीन तं माह्यासारखा वाईट नाई. फोडून टाकू का म्हटलं तं वर्षाली घाबरली, बाहुलीसाठी नाई, माह्यासाठी. अन् फोडाले माहाच हात धजत नाई. नाव आत हाये ना. फुटली तं काय फुटन?

भाजलेली माती परत माती होत नाई, असं वर्षालीच म्हने. रंगाची आग मंगळवारी हाये.

१ डिसेंबर, रविवार

रातभर इचार केला का पोरीचं नाव कसं सुटते. अन् सकाळी दळन निवडता निवडता सुचलं. अवं, लग्नानं! माहेरी मी चतुरा होती. लग्नात घरच्याईनं ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यात नवं नाव लिवलं, रुख्मा. तवापासून चतुरा कुठं गेली कोनी पुसलं नाई. माय गेली, भाऊ गेला. त्या नावानं हाक मारनारं कोनीच उरलं नाई. रिकामं नाव.

म्हनून तेच देल्लं. आचल शाळेच्या मैतरनीइकडं गेलती. देवातला बाळकृष्ण नवरदेव केला, बाहुलीले हळद लावली, ताटलीत तांदूळ पसरून बोटानं लिवलं: चतुरा. किती वर्सानं लिवलं ते. र चा आकार चुकला, पुन्हा लिवला.

लिवताना रडू आलं, काऊन ते समजलं नाई.

३ डिसेंबर, मंगळवार

रंगाची आग. आचलले ताप नाई. आंगनात दोरीवर उड्या मारून राह्यली होती.

मी कौशल्याबाईच्या वसरीत बसून होती. हाडं आतून जळत होते. तिले म्हटलं, ऊन लागलं.

बाहुली चार बोटांची निघाली. वर्षाली चकरावली. रंगाच्या आगीत आकसतच नाई म्हने, हे कसं?

५ डिसेंबर, गुरुवार

आचल रेघीले लागली! बरोबर लागली! मी तिचे मुके घेतले तं म्हने, आजी, गाल झिजवते का माहे?

माह्या पाटल्या हातातून गळून पडल्या. लुगडं पायात येते. आदेश म्हने, बुढी मानसं वाकतातच. कोनी मोजत नाई. बुढीले कोन मोजते?

मले एक जनी हाक मारते. चतुरे, अवं चतुरे. मायसारखी. जवळून.

७ डिसेंबर, शनिवार

चुकलं. वही आचलनं तपासली. सारी वाचली. मले समजलं तवा ते बाहुलीसमोर ताटली घेऊन बसलती — तांदूळ पसरलेले — बोट टेकवलेलं — आ लिवून झाला होता —

ताटली उधळली मी. मारलं तिले. जिनगीत पहिल्यांदा. खेळ होता तो, सारा खोटा, म्हटलं. ते रडे अन् म्हने, मंग तू काऊन माह्याएवढी झाली?

तिचा काई भरवसा नाई. मायाळू हाये. पुन्हा लिवन.

९ डिसेंबर

सोन्याच्या रंगाची एक आग बाकी हाये. वर्षालीले मीच म्हटलं, आजच लाव. आजच बाहुली डब्ब्यात बांधून धाड. ज्यानं मांगतली तो दूर राह्यते, बंगलोरकडं. तिथं आचलचा हात पुरनार नाई.

ते म्हने, आई, घाई काऊन? म्हटलं, बुढीचा हट्ट.

आचल शाळेत.

भट्टीचा लाल दिवा लागला —

खाट लय मोठी झाली. पेन दोन्ही हातानं —

वर्षाली, हे पान तिले दाखवजो नको. बाकीचेबी जाळ. तू वाईट वाटून घेजो नको बाई, तुह्या हातच्या बाहुल्या लय —

माय हाक मारून राह्यली. ओ देऊ का

आदेश — आचल पुसन तं सांगजो का आजी गावाले गे