सरळ माणसाचा कोट

३ फेब्रुवारी
मुलाकडच्यांबरोबर काढलेला फोटो आला. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, मी जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधतोय. लेक म्हणाली, बाबा, लग्नाच्या फोटोत तरी तोंड दिसू द्या. हसत म्हणाली, पण लागलं. एकुलती एक आहे. लग्नापर्यंत पाठ ताठ करणार म्हणजे करणार. तशी चूक माझी नाही. शिलाई मशीनच बुटकं आहे.

५ फेब्रुवारी
व्यायामवाल्या मॅडमनी सांगितलं, भिंतीला टाचा, पाठ, डोकं टेकवून उभं राहायचं. टाचा टेकल्या. पाठ थोडीफार. डोक्याचा आणि भिंतीचा संबंध आला नाही. भिंत आत गेलेली दिसतेय. घरमालकाला सांगायला हवं.

८ फेब्रुवारी
डोक्यावर पुस्तक ठेवून शिवायला बसलो. आयडिया उत्तम. पुस्तक घसरून सुईखाली आलं. गिऱ्हाईकाच्या पँटीला प्रस्तावना शिवली गेली. उसवून दिली. गिऱ्हाईक उगाच बोललं.

११ फेब्रुवारी
रोगाचं मूळ सापडलं! पोक असलेल्या माणसाचा कोट आम्ही पाठीत लांब आणि पुढून आखूड कापतो, म्हणजे अंगावर नीट बसतो. इतकी वर्षं स्वतःचेही तसेच कापले. कोटानेच लाड केले, पाठ शेफारली. लग्नाचा कोट सरळ माणसाच्या मापाने कापणार. पाठीला यावंच लागेल.

बायकोने माप घेतलं. मी श्वास रोखून ताठ. ती म्हणाली, श्वास घ्या. मी खुणेने सांगितलं, आधी आकडा लिही. आत थोडं जास्तीचं कापड सोडा, असंही म्हणाली. नाही सोडलं. परतीचे दोर कापले.

१५ फेब्रुवारी
दिवसभर वाकून कोट शिवतोय. मान धरली. बायको बाम चोळताना म्हणाली, पोक वाढलंय. वाढलेलं नाही, सूज आहे.

१९ फेब्रुवारी
ट्रायल. मागून कोट कमरेच्या वर, पुढून गुडघ्यापर्यंत. कोट बरोबर आहे, शरीर मागे पडलंय. दुकानातल्या पुतळ्याला घालून पाहिला, फर्स्ट क्लास! पुतळ्याला डोकंही नाही आणि संसारही.

२२ फेब्रुवारी
लेक बटणं लावायला शेजारी बसली. म्हणाली, नेहमीसारखा करा ना कोट, मी सहज बोलले होते. ती विसरलीसुद्धा होती. मी कसा विसरू? परवा ती जाणार. मग घरात मला कोण बोलणार? बायको आहे म्हणा.

२४ फेब्रुवारी, सकाळ
लग्न. उपाय सापडला! कोटातलं लाकडी हँगर काढायचंच नाही. खांदे आपोआप मागे. हूक कॉलरच्या बाहेर येतो, पण फोटो समोरून काढतात.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
हूक स्टेजवरच्या पडद्यात अडकला. फोटोग्राफर म्हणाला, काका, जरा पुढे या. आलो. पडदाही आला. दांडीसकट. व्याही खाली सापडले. इजा कुणाला नाही. या सगळ्या गोंधळात मी ताठ होतो, हे कुणी लक्षातच घेत नाही.

९ मार्च
फोटो आले. ग्रुप फोटोत सरळ उभा असलेला मी एकटाच. व्याही चष्मा शोधतायत, बायको कपाळाला हात लावून बसलीय, जावई दांडी उचलतोय. लेक हसून हसून इतकी वाकलीय की तिचं तोंडच दिसत नाही.

तिच्या घरी लावायला तिने भलताच फोटो निवडला. जेवतानाचा. मी बिनकोटाचा, ताटावर पार ओणवा, आणि ती माझ्या पाठीवर हनुवटी टेकवून बसलेली. फोन करून विचारलं, हाच का? म्हणाली, यात तुम्ही बाबा दिसता.

फोन बायकोच्या हातात दिला. मानेमुळे.