हजेरीची सही

चामराजपुरम, म्हैसूर
रविवार, १३ जुलै २०२५

चि. अदितीस अप्पाचे आशीर्वाद.

आईचे गुडघे बरे आहेत, माझी साखर आटोक्यात आहे आणि डब्यातल्या चिरोट्यांना मी हात लावत नाही, असा तिचा समज आहे. एरवी एवढं लिहून थांबतो. आज थांबत नाही.

हूटगळ्ळीच्या माझ्या शाळेत अंबाबाई म्हणून एक पालक आहेत. आपल्यातल्याच, रंगाऱ्यांच्या घरातल्या. लग्नाच्या स्वयंपाकाला जातात. मुलगी अमूल्या पाचवीत. शाळांच्या नव्या कायद्याच्या मसुद्यात दसऱ्याची सुट्टी पाच दिवसांवर आणून उरलेले दिवस उन्हाळ्याला जोडायचे आहेत. त्यावर प्रत्येक शाळेकडून पालकांची संमती मागवली होती. मी काय केलं? जूनच्या पालकसभेचा हजेरीचा कागद काढला, वरच्या मोकळ्या जागेत 'आमची हरकत नाही' असं माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि दिला पाठवून. तीस वर्षं असंच करत आलो. सह्या पालकांच्या, मजकूर आमचा.

मंगळवारी मसुद्यावर सुनावणी झाली. अंबाबाई काम बुडवून आल्या. शंभर माणसांपुढे माइक धरून उभ्या राहिल्या. उन्हाळा लग्नांचा, पहाटे चारला पोरीला बाहेरून कुलूप लावून निघते. पितृपक्ष-नवरात्रात लग्नं नसतात, वर्षात तेवढेच दिवस आम्ही दोघी घरात असतो, असं त्यांनी सांगितलं. अध्यक्षांनी माझा कागद पुढे केला आणि ही सही तुमचीच ना, असं विचारलं.

"सही माझीच," त्या म्हणाल्या. "पण ती मीटिंगला आल्याची. ओप्पिगे, संमती आहे का, हे कुणी विचारलंच नाही."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, आमचे हेडमास्तर भले आहेत, गडबडीत विचारायचं राहिलं असेल. अदिती, ज्यांना मी फसवलं त्याच मला वाचवत होत्या. इतका मोठेपणा मी माझ्या साऱ्या नोकरीत पाहिला नाही. मी उठलो आणि म्हणालो, राहिलं नाही, विचारायची मला गरजच वाटली नाही.

आता संमती नव्याने घेणार आहेत. कायद्याचं काय होईल, कुणास ठाऊक. मला परवा नोटीस आली, निवृत्तीला आठ महिने असताना. सभागृहाबाहेर अंबाबाई माझ्यावरच रागावल्या. "मेष्ट्रु, तुम्ही कशाला उठलात? मी सांभाळलं होतं की."

तुला हे का लिहितोय, ते तुझ्या लक्षात आलं असेल. नऊ वर्षांपूर्वी अहमदाबादहून कापडछपाई शिकायला तुला बोलावणं आलं होतं. 'येऊ शकत नाही' असं उत्तर गेलं, त्याखाली तुझी सही मी केली. तुझ्या आजोबांचे हात जन्मभर रंगाचे राहिले, त्यांतून मी मास्तर झालो. तू पुन्हा तिकडे जाऊ नयेस, एवढंच मला दिसत होतं. विचारलं असतं तर तू जाते म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही. हे तुलाही माहीत आहे, मलाही, आणि इतकी वर्षं आपण फोनवर हवापाण्याचं बोलतो. माझं चुकलं, बाळ.

आई म्हणते, दसऱ्याला ये म्हणून लिहा. तसं लिहीत नाही. येशील का? नाही म्हणालीस तरी चालेल. मी विचारतो आहे.

खालची सही माझी, माझ्यापुरतीच.

वादिराज
तुझा अप्पा