त्यानं सरळ विचारलं

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, अर्विंग

माझ्या मैत्रिणीनं, अनघानं, दिलेलं पुस्तक आज संपवलं. एका जपानी कवीचं चरित्र. बुद्धापायी घरदार सोडून डोंगरातल्या झोपडीत राहिला. मी नुसतं कॉलेज सोडलं, तेही प्रोफेसरशी भांडून. अनघा समजवायला आली तर तिच्यावरच ओरडलो, "परत फोन करू नकोस!" तीन आठवडे झाले. तिनं नाही केला.

आणि हा म्हातारा! सगळं सोडलं, तरी शिष्येची वाट बघतो. कवितेत सरळ विचारतो, कधी येशील म्हणून. लाज नाही वाटली? मग मलाच का वाटते?

शेवटी मीच फोन लावला. "कधी येशील?"

ती म्हणाली, "पुस्तक वाचलंत वाटतं, महाराज."

येते असं काही म्हणाली नाही. उद्या पुन्हा विचारीन. म्हाताऱ्यानं तरी कुठे एकदाच विचारलं होतं?