रांग चुकली नव्हती

प्रिय सांग-ऊ,

मेसेजना तू उत्तर देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कांगनुंगला बाबांच्या टोफूच्या दुकानात उभा असतोस, असं तुझ्या बहिणीकडून कळलं. इकडे तेजोनमध्ये सगळं तसंच आहे. कँटीनची किमची अजून आंबटढाण, आणि तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही.

कर्णबधिर शाळेच्या बान बाईंच्या वर्गात झालं ते मी कधी विसरले नाही, तूही विसरला नसशील. आपण बनवलेल्या व्हिडिओ-प्रोग्रॅममधून त्यांचे खुणांच्या भाषेतले विज्ञानाचे धडे जायचे. त्यांनी आम्ल पाण्यात घालायला सांगितलं, पडद्यावर चित्रांचा क्रम बिघडून हातांच्या खुणा मागेपुढे झाल्या, आणि एका मुलीने पाणी आम्लात ओतलं. ते उसळलं. चष्म्यामुळे डोळे वाचले, बाही जळली. ऑफिसात सगळ्यांनी एकच धरून ठेवलं: काम एकाच थ्रेडवर, एकामागून एक, चाललं की व्हिडिओ ठीक, अनेक थ्रेडवर वाटून एकदम चालवलं की बिघडतो, म्हणजे फ्रेमची, एकेका चित्राची, रांग लावणारा भाग चुकला. तो भाग तुझा. तू वादही घातला नाहीस. त्या आठवड्यात तू दोन गोष्टी सोडून गेलास, नोकरी ही त्यातली एक.

मला ते पटेना. ग्राफिक्स कार्ड बंद करून, सगळे थ्रेड चालू ठेवून, मी नुसत्या प्रोसेसरवर व्हिडिओ चालवला. एकही फ्रेम मागेपुढे झाली नाही. मग कार्ड चालू केलं आणि चित्रावरच आकडे छापलेला व्हिडिओ लावला. रांगेतला क्रमांक दर वेळी बरोबर, आतलं चित्र मात्र पुढचं. कार्डाने तयार केलेलं चित्र आपण पुरतं उचलण्याआधीच मेमरीतली त्याची जागा कार्डाला परत दिली जात होती, आणि कार्ड तिथे पुढचं चित्र ठेवून मोकळं होत होतं. एका थ्रेडवर काम सावकाश चालायचं, म्हणून ते कधी दिसलंच नाही.

ती जागा परत देणारा भाग आपल्या टीमलीडर कुकसाहेबांनी वेग वाढवायला लिहिलेला. मी दाखवलं. त्यांनी स्वतः पुन्हा एकदा चालवून पाहिलं, मग म्हणाले, “हा माझा आहे, ह्ये-जिन. सांग-ऊला सांगायला हवं. माझा फोन उचलेल का तो?”

“माझाही उचलत नाही, साहेब.”

ते कसंनुसं हसले. दुसऱ्या दिवशी सगळ्या टीमसमोर उभे राहून त्यांनी चूक सांगितली, आणि त्या मुलीच्या आईवडिलांसमोर वाकून माफी मागून आले. आता चित्र पुरतं हाती आल्याशिवाय जागा सुटत नाही. वेगात फरकही जाणवत नाही. बान बाईंनी लिहिलंय, “आता माझे हात माझंच म्हणणं सांगतात. पोरगी प्रयोगशाळेत परत आली आहे, आणि जरा जास्तच आगाऊ झाली आहे.”

कुकसाहेब तुला परत बोलावणार आहेत. यायचं की टोफूच करायचा, ते तू ठरव. त्यासाठी मी लिहीत नाहीये. जाताना तू म्हणालास, ज्याच्यामुळे त्या पोरीचे डोळे गेले असते त्याच्याशी लग्न करू नकोस. तेव्हा तू ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतास, म्हणून मी गप्प बसले. पण लग्न मोडल्याचं मी घरी अजून सांगितलेलंच नाही. आई लग्नात घालायच्या हानबोकच्या रंगावरून रोज डोकं खाते. येत्या रविवारी तिला घेऊन कांगनुंगला येतेय. कुठला रंग ते तूच सांग तिला.

अजूनही तुझीच,
ह्ये-जिन